तळहातावर मावणारं पुस मॉथ: पहिलं बारीक विमान करणाऱ्यांसाठी

ओझरहून उडालेलं सुखोई डोक्यावरून गेलं की नाशकात आजही लोक गच्चीवर येऊन माना वर करतात. त्यामुळे इथल्या मुलाच्या हातात लाकूड आणि ब्लेड दिलं की तो आधी सुखोई नाहीतर मिग करायला घेतो. साहजिक आहे, दोन्ही आपल्या ओझरच्या कारखान्यात बांधली गेलेली विमानं. तरी नवशिक्यांना माझं सांगणं असतं, की पहिलं विमान जेट नको. जुनं, हलकं, एका पंखाचं, कापडाने मढवलेलं विमान घ्या, आणि ते इतकं लहान करा की तळहातावर ठेवल्यावर बोटं मिटता येतील.

मी सुचवतो ते डी हॅविलँड कंपनीचं पुस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून टपाल घेऊन याच जातीच्या विमानातून निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि मुंबईत जुहूला पोचले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे उडवला. टाटांची नियमित हवाई टपालसेवा तिथून सुरू झाली. एवढी मोठी गोष्ट ज्या विमानाने केली, ते नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम २५ फूट होतं.

इतिहास सोडला तरी नवशिक्याला ते सोयीचं आहे. पंख एकच, तोही धडाच्या वर, म्हणजे टायगर मॉथसारखं दोन पंख आणि तारांचं जाळं जुळवत बसावं लागत नाही. केबिन बंद आहे, म्हणून आतल्या खुर्च्या आणि घड्याळं करायची गरज नाही. आणि आकार असा, की चुकलं तर लगेच दिसतं. शिकायला हे फार चांगलं.

माप आधी, लाकूड नंतर

आपण १:१४४ हे माप धरू. याचा अर्थ खऱ्या विमानातले १२ फूट म्हणजे मॉडेलमधला १ इंच. पुस मॉथच्या पंखांचा पसारा ३६ फूट ९ इंच, म्हणून मॉडेलचा पसारा ७७.८ मिमी. लांबी २५ फूट, म्हणून मॉडेल ५२.९ मिमी. उंची सुमारे ७ फूट, म्हणजे १५ मिमीच्या आत. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता तीन बाजूंचा आराखडा मिळवा: वरून, बाजूने आणि समोरून दिसणारा. इंटरनेटवर मिळतात, पण सगळे खरे नसतात. कोणीतरी चित्र आडवं ताणलेलं असतं आणि ते डोळ्याला कळत नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. आराखड्यावर पंखांचा पसारा मोजा, लांबी मोजा, आणि लांबीला पसाऱ्याने भागा. उत्तर ०.६८ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर तो आराखडा बाजूला ठेवा, कितीही सुबक दिसला तरी.

आराखडा बरोबर असेल तर झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तो लहान करून घ्या. समजा कागदावर पसारा २१४ मिमी आहे. ७७.८ भागिले २१४, म्हणजे ३६ टक्के आणि थोडं वर. झेरॉक्सवाल्याला '३६ टक्के करा' एवढं सांगितलं की पुरे. सहा-सात प्रती काढा, कारण त्या कापल्या, चिकटवल्या आणि घासल्या जाणार आहेत. प्रत हातात आली की तिथेच पट्टी लावून मोजा, घरी येऊन नाही.

आणि एक आकडा मनात पक्का करा: मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावरचे १४.४ सेंटीमीटर. पुढच्या सगळ्या निर्णयांना हाच आकडा लावायचा. दाराची मूठ करू का? खरी मूठ दहा-बारा सेंटीमीटरची, म्हणजे इथे एक मिमीसुद्धा नाही. कापडाखालच्या फासळ्यांच्या रेघा दाखवू का? खऱ्या विमानावर त्या काही मिलीमीटरच वर असतात, म्हणजे इथे केसाहूनही बारीक. इतक्या लहान मापात विमान खरं दिसतं ते आकार आणि सरळपणा यांमुळे. काय काय घालू असा मोह होतो, पण इथे कस लागतो तो काय सोडून द्यायचं ते ठरवण्यात. मी पाहिलेली बहुतेक बिघडलेली बारीक मॉडेलं जास्तीच्या तपशिलाने बिघडली होती.

सामान: मेडिकल, मेन रोड आणि सराफ बाजार

बाल्सा लाकूड मागवत बसू नका. इतक्या छोट्या कामाला ते मऊ पडतं आणि नखानेसुद्धा दबतं. डॉक्टर घसा बघताना जिभेवर धरतात ती लाकडी पट्टी मेडिकलमध्ये पाकिटाने मिळते. साधारण १५० मिमी लांब, १८ मिमी रुंद, दीड मिमीच्या आसपास जाड, रेषा सरळ, गाठ नाही. आपल्या विमानाचा पंख आणि धड दोन्ही तिच्यातूनच निघतात. आईस्क्रीमची काडी पंखाला अरुंद पडते.

फेव्हिकॉल, फेविक्विक, १८०, ३२०, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, कटर, स्टीलची पट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, अॅक्रिलिक रंग आणि दोन चांगले बारीक ब्रश. हे सगळं मेन रोड, रविवार कारंजा परिसरात एका फेरीत होतं. ब्रशवर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा.

खरा खजिना मात्र सराफ बाजारात आहे. सोनारकामाची अवजारं मिळतात तिथे जा. टोकदार चिमटा, सुईइतक्या बारीक कानशी, केसासारखं पातं लागणारी करवत आणि डोळ्याला लावायचं भिंग. जे काम सोनार नथीवर करतो तेच आपण पंखाच्या टोकावर करणार आहोत, त्यामुळे अवजारं तीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानातल्या काकांनी विचारलं, "घडणावळ शिकताय का?" मी खिशातून आराखड्याचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, विमानाच्या पंखाखालच्या तिरक्या कांड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या कांड्या सारख्या जाडीच्या करायच्या तर जंतर घेऊन जा." जंतर म्हणजे तार ओढायची पोलादी पट्टी. तिला उतरत्या मापाची छिद्रं असतात, आणि तार एकेका छिद्रातून ओढत बारीक करत नेतात. तेव्हापासून माझ्या एकाही विमानाच्या कांड्या कमी-जास्त जाडीच्या झालेल्या नाहीत.

धड

पट्टीचे ६० मिमीचे चार तुकडे कापा. ते एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवा आणि जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. चारच का? सम संख्या घेतली की मधली डिंकाची रेघ बरोबर विमानाच्या मध्यावर येते. धड कोरताना ती रेघ नाकापासून शेपटीपर्यंत दिसत राहते आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळतं. तीन तुकडे घेतलेत तर हा आधार जातो.

आधी बाजूचं चित्र कापून ठोकळ्याच्या बाजूवर चिकटवा आणि सोनाराच्या करवतीने बाहेरून, रेघेपासून अर्धा मिमी सोडून कापा. उरलेलं १८० च्या पेपरने रेघेपर्यंत आणा. मग वरून दिसणारं चित्र लावा आणि तसंच करा. आता हातात चौकोनी कडांचं धड आहे. कडा घासायची घाई करू नका. पुस मॉथचं धड लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं होतं, त्यामुळे खऱ्या विमानाच्या बाजूसुद्धा बऱ्यापैकी सपाटच आहेत. कडा फक्त मोडायच्या. साबणासारखं गोल केलंत तर ते पुस मॉथ राहत नाही.

नाकाकडे नीट बघा, कारण इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका चुकतो. या विमानाचं जिप्सी थ्री इंजिन उलटं बसवलेलं आहे, सिलिंडर खाली आणि पंखा (प्रॉपेलर) फिरवणारा क्रँकशाफ्ट वर. असं केल्याने वैमानिकाला समोरचं चांगलं दिसतं. परिणामी पंख्याचा आस नाकाच्या मधोमध नसून वरच्या अंगाला येतो आणि नाकाची हनुवटी खाली उतरते. आस मध्यावर घेतलात तर बाकी सगळं बरोबर असूनही विमान परकं दिसेल.

पंख

पंखाची सरासरी रुंदी सुमारे १२.८ मिमी येते. आराखडा पट्टीवर चिकटवा, रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने राहतील असं बघा, आणि कापून घ्या. टोकं गोल आहेत, ती शेवटी पेपरने काढा.

आता पंखाला जाडीचा आकार द्यायचा: पुढची कड गोलसर, पाठ थोडी फुगीर, मागची कड धारेसारखी पातळ. पंखाच्या सगळ्या कडेवर, जाडीच्या मधोमध, बारीक काळ्या पेनाने रेघ ओढा. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पंख काचेच्या तुकड्यावर, खालची बाजू काचेला लागेल असा बसवा. ३२० चा पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि पुढून मागे, एकाच दिशेने घासा. बोटाने घासू नका. बोट मऊ जागा शोधतं आणि तिथे खड्डा पाडतं. मागच्या कडेवरची काळी रेघ दिसेनाशी व्हायला आली की थांबा. पंख खिडकीकडे धरलात तर मागच्या कडेतून उजेड पिवळसर झिरपताना दिसतो. दोन्ही बाजूंना तो सारखा झिरपला, तर जाडी सारखी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की परत व्हर्नियर लागत नाही.

समोरून पाहिलं तर पंखांची टोकं मुळापेक्षा किंचित वर आहेत. त्यासाठी पंख मधोमध कापा, दोन्ही मुळांच्या कडा थोड्या तिरक्या घासा आणि टोकांखाली सारख्या उंचीची नाणी ठेवून पुन्हा चिकटवा. उंची समोरच्या आराखड्यावरून घ्या. फेव्हिकॉल वापरा आणि रात्रभर हलवू नका.

शेपूट

जाड व्हिजिटिंग कार्ड घ्या, शेपटीचे भाग कापा आणि त्यावर फेविक्विकचे थेंब सोडून ते पिऊ द्या. वाळल्यावर कार्ड प्लॅस्टिकसारखं कडक होतं, घासता येतं आणि पावसाळ्यात फुगत नाही. हे काम खिडकीशी बसून करा, वाफ डोळ्यांना झोंबते.

जोडणी, म्हणजे निम्मं काम

पंख धडावर बसवताना फेविक्विकला हात लावू नका. तो चुकीच्या जागी चिकटला की संपलं. फेव्हिकॉल दहा मिनिटं तरी हलवू देतो आणि ती दहा मिनिटं आपल्याला हवी आहेत.

शेपटीच्या मध्यावर टाचणी टोचा, तिला शिवणाचा दोरा बांधा. दोरा डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणा आणि तिथे दोऱ्यावर पेनाने खूण करा. तोच दोरा उजव्या टोकाला न्या. खूण टोकाला आली तर पंख सरळ बसला. नाही आली तर पंख कणभर फिरवा आणि पुन्हा मोजा. मग विमान समोर धरून एक डोळा मिटून बघा: पंख आणि शेपटीचा आडवा भाग एकमेकांना समांतर हवेत. मी हे दर दोन मिनिटांनी करतो, फेव्हिकॉल धरेपर्यंत. एक मिमी तिरपेपण खऱ्या विमानात १४ सेंटीमीटर होतं, आणि डोळा ते माफ करत नाही.

पंख पक्का झाल्यावर खालच्या तिरक्या कांड्या. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन कांड्या प्रत्येक बाजूला, धडाच्या खालच्या कडेपासून निघून पंखाखाली दोन ठिकाणी टेकणाऱ्या. यासाठी बांबूच हवा. संक्रांतीला येवल्याच्या पतंगांचं वेड कोणाला सांगायला नको. फाटलेल्या पतंगाची कामटी टाकून देऊ नका. कामटी उभी चिरा, टोक ब्लेडने अणकुचीदार करा आणि जंतराच्या मोठ्या छिद्रातून पकडीने ओढा. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. अर्ध्या मिलीमीटरपर्यंत आलं की थांबा. लाकडाची काडी इथे तुटते, बांबूचे धागे लांब असल्याने तो टिकतो. शेवटी ६०० च्या पेपरवर दोन्ही बाजूंनी हलकं घासून चपटं करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस मॉथच्या सुरुवातीच्या वर्षांत हवेत पंख निकामी होऊन जीवघेणे अपघात झाले, आणि चौकशीनंतर या कांड्यांच्या रचनेला छोट्या जादा टेकूने बळकटी दिली गेली. म्हणून तुम्ही ज्या वर्षातलं विमान करताय त्याच वर्षातला फोटो समोर ठेवा. तो टेकू कधी आणि का आला हे कळलं की फोटोतली ती बारीकशी काडी नुसती काडी वाटत नाही.

चाकं गठईकामवाल्याच्या पंचाने निघतात. पट्टा भोसकायच्या त्या पकडीत वेगवेगळ्या मापाची तोंडं असतात. आराखड्यावर चाक मोजा, त्या मापाच्या कार्डाच्या तीन-चार चकत्या काढा, एकावर एक चिकटवा आणि फेविक्विक पाजा. मग टाचणीवर खोचून, टाचणी बोटांत फिरवत पेपरवर कडा गोल करा. चाकापासून वर जाणारी चपटी कांडी जरा रुंद ठेवा. खऱ्या विमानात तिच्यावरचं आवरण काटकोनात फिरवता यायचं, म्हणजे ते वाऱ्याला आडवं होऊन उतरताना ब्रेकसारखं चालायचं. शेपटीखाली चाक नाही, नुसती घसरती काडी आहे.

पंखा बांबूचाच करा आणि रंगवू नका. खरा पंखा लाकडाचा होता. पॉलिश केलेला बांबू जो रंग देतो तो बाटलीतून मिळत नाही.

रंग

ब्रशने जाड दिलेला एक हात सहज ०.१ मिमीचा होतो, म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटीमीटरचा थर. म्हणून रंग दुधासारखा पातळ करा आणि चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. आधी सँडिंग सीलरचे दोन हात, मध्ये १००० चा पेपर, म्हणजे लाकडाच्या रेषा बुजतात. रेषा दिसल्या की लाकडी खेळणं दिसतं, कापडाचं विमान नाही.

हे काम नाशकात दिवाळीनंतर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि रंग सांगितल्या वेळेत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली की सीलरवर पांढुरका धूर येतो. त्या दोन महिन्यांत लाकूडकाम करा.

रंग कोणता? त्या काळी कापडी विमानांवर रुपेरी लेप सर्रास असे, कारण त्यातली अॅल्युमिनियमची पूड कापडाला उन्हापासून वाचवायची. पंख रुपेरी केलेत तर विमान त्याच्या काळातलं दिसतं. धडाचा रंग मात्र कृष्णधवल फोटोवरून ठरवू नका. त्या काळच्या कित्येक फिल्मना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल धड फोटोत काळं येतं. कोणताही रंग घ्या, त्यात चिमूटभर राखाडी मिसळा. इतक्या लहान वस्तूवर बाटलीतला शुद्ध रंग भडक दिसतो.

खिडक्या कोरू नका, काच बसवू नका. लांबून खऱ्या विमानाची काच काळपट दिसते. तीच काळपट निळी छटा द्या आणि वरून बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब. शेवटी नोंदणीची अक्षरं. टाटांच्या त्या विमानाची नोंदणी होती व्हीटी-एडीएन. त्यातलं व्हीटी आजही भारतीय विमानांवर असतं. ०.०५ मिमीच्या ड्रॉइंग पेनाने, आधी पेन्सिलच्या दोन समांतर रेघा मारून, श्वास सोडून झाल्यावर लिहा. श्वास घेताना हात उचलला जातो.

कशावर ठेवायचं

अहमदाबादला त्या दिवशी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. १:१४४ मध्ये बैलगाडी सुपारीएवढी होते आणि शेजारी उभा माणूस १२ मिमीचा. बैठकीवर ती गाडी ठेवली की विमानाचा काळ पाटी न लावता कळतो. जमिनीला चाळलेली तांबूस माती घ्या, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवा. आपली काळी माती इथे चालत नाही, आणि वाळूचा प्रत्येक कण या मापात धोंडा दिसतो.

मग काचेची किंवा प्लॅस्टिकची पेटी. माझं पहिलं पुस मॉथ मी ज्या रात्री पूर्ण झालं त्याच रात्री पेटीत घालून झाकण लावलं. सकाळी खिडक्यांवर आणि अक्षरांवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं. चाकांतला फेविक्विक पुरता वाळलेला नव्हता, त्याची वाफ बंद पेटीत कोंडली आणि रंगावर बसली. पुसून गेली नाही, खिडक्या खरवडून पुन्हा रंगवाव्या लागल्या. म्हणून विमान आधी चार दिवस जाळीखाली उघडं ठेवा, आणि पेटीच्या मागच्या बाजूला दोन बारीक भोकं पाडल्याशिवाय झाकण लावू नका.